कटंगीची सोबतीण

कटंगीच्या मुलीला मी पहिल्यांदा पाहिलं ते गोंदियाच्या फलाटावर. आम्हा दोघींना तिथून दिल्लीची गाडी पकडायची होती आणि दिल्लीहून रशियाला, डॉक्टरकी शिकायला जायचं होतं. तिचे वडील तिच्या ट्रंकेवर बसले होते, माझे बाबा शेजारी उभे होते, आणि एकमेकांशी काय बोलावं ते दोघांनाही सुचत नव्हतं. शेवटी तिच्या वडिलांनी विचारलं, "तुमी खास बालाघाटातलेच का?" बाबा म्हणाले, "हौ, कलेक्टर कचेरीत असतो." मग गाडी किती लेट आहे ते बघायला दोघंही बरोबरच निघून गेले.

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुले मराठी येते ना? नाई तं मी तठी इतके वर्षं हिंदीत कसी राहू?"

मी म्हणाले, येतं. ते अर्धंच खरं होतं. आमच्या घरी आईबाबा मराठीत बोलायचे आणि आम्ही भावंडं हिंदीत उत्तरं द्यायचो. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, चौकातलं सगळं बोलणं हिंदी. ती कटंगीची, मध्य प्रदेशातल्या आमच्याच जिल्ह्यातली पण महाराष्ट्राच्या सीमेवरची, नातेवाईक सगळे तुमसर-भंडाऱ्याकडचे. तिचं मराठी कुठे अडायचं नाही. आज मी हे मराठीत लिहिते आहे त्यातलं बरंचसं मराठी मला तिने दिलेलं आहे.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं होती. पीएमटीत, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत, नंबर न लागलेल्या मुलामुलींसाठी नागपूरचे एजंट गावोगाव फिरायचे. रशियात प्रवेश सोपा, शिकवणी इंग्रजीत, परत आलं की सरळ डॉक्टर, असं ते सांगायचे. इंग्रजीचं सोडलं तर बाकी बाबतीत ते खोटं बोलत होते असं म्हणता येणार नाही. तेव्हा तसंच होतं. तिच्या वडिलांचा कटंगीच्या बसस्टँडजवळ दवाखाना होता. डिग्री नव्हती. तरुणपणी एका डॉक्टरकडे कंपाउंडर होते, तिथे बघून बघून शिकले. आसपासच्या खेड्यांतले लोक त्यांना डॉक्टरसाहेबच म्हणत. आपली पोरगी खरी डॉक्टर व्हावी हे त्यांनी ती शाळेतही जात नव्हती तेव्हापासून ठरवलेलं होतं.

आमच्या कॉलेजचं गाव मॉस्कोपासून एका रात्रीच्या प्रवासावर, एका रुंद नदीच्या काठी होतं. वैनगंगेला पूर आला की जेवढी दिसते तेवढी ती नदी एरवीच दिसायची. हॉस्टेल पाच मजली, लिफ्ट नाही, मजल्याच्या टोकाला सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. खाली दारावर एक बाई बसायची. विणकाम करत असायची आणि आमच्या बुटांना बर्फ दिसला की ओरडायची. खोलीत आम्ही दोघीच. तिच्या आईने कोहळ्याच्या वड्या, लाखोळीची डाळ आणि वासाचा चिन्नोर तांदूळ दिला होता. तो तांदूळ शिजला की मजल्यावरची सगळी मुलं दारात येऊन उभी राहायची. ती प्रत्येकाला एकेक घास द्यायची आणि म्हणायची, "बस. आता आपआपल्या घरी जा."

पहिलं वर्ष आम्ही बघण्यातच घालवलं. तो देश काही वर्षांपूर्वी मोडला होता म्हणे. आम्हाला मोडण्याआधीचा माहीत नव्हता, त्यामुळे जे दिसत होतं ते तिथलं नेहमीचंच असणार असं वाटायचं. बायका प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायच्या. ऑक्टोबर आला की लोक कागदाच्या पट्ट्या साबणाच्या पाण्यात भिजवून खिडक्यांच्या फटींवर चिकटवायचे, ती खिडकी मग उन्हाळ्यापर्यंत उघडायची नाही. इस्पितळात भरती होणारा माणूस घरून चादर, कापूस आणि सुया घेऊन यायचा. ते पाहून ती मला म्हणाली, "आपल्या सरकारी दवाखान्यासारखंच हाय की. मी तं उगाच भेली होती."

सगळ्यात जास्त आम्ही बघायचो त्या ट्रामच्या थांब्यावरच्या बायका. म्हाताऱ्या, मध्यमवयीन, चांगल्या कोटातल्या बायका एका रांगेत उभ्या असायच्या. एकीच्या हातात लोणच्याची बरणी, एकीच्या हातात शेपूची जुडी, एकीकडे फक्त एक शाल. त्या विकायला उभ्या आहेत हे समजायलाच मला आठवडा लागला, कारण कोणी तोंडातून शब्द काढायचं नाही. आमच्याकडे बुधवारच्या असो की शुक्रवारच्या, कुठल्याही बाजारात कांदेवालासुद्धा गळा फाडून ओरडतो. तिने त्याचं कारण माझ्याआधी ओळखलं. "ह्यायले लाज वाटते," ती म्हणाली. "आवाज देला तं कोनी वळखीचा पाहीन." एकदा आमच्या शरीररचनेच्या मास्तरीणबाई तिथे दिसल्या. हातावर लोकरीचे मोजे टाकून उभ्या होत्या. आम्ही रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. त्यांनीही मान फिरवली. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी हाताची हाडं शिकवली, नेहमीसारखीच.

रशियन तिला माझ्या आधी आलं. व्याकरण चुकायचं, पण ती थांबायची नाही. पावाच्या दुकानातली बाई, ट्रामची कंडक्टर, दारावरची बाई, सगळ्यांशी बोलायची. माझा स्वभाव असा की पूर्ण वाक्य मनात जुळवल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. ती मला हसायची. "चुकलं तं चुकलं. थे काय आपल्याले फाशी देनार हाय का?" परीक्षेतही ती माझ्या पुढे होती. हे सगळं मी मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर लोकांनी तिच्याबद्दल म्हटलं की मुळातच कच्ची होती, झेपलं नाही. तसं नव्हतं. आम्हा दोघींपैकी कच्ची कोण असा प्रश्न त्या वर्षी कोणी विचारला असता तर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं असतं.

दुसऱ्या वर्षी थंडी लागली तशी ती उशिरा उठू लागली. पहिल्यांदा मला त्यात काही वाटलं नाही. सकाळी नऊलाही बाहेर काळोख असायचा, कोणालाच उठावंसं वाटायचं नाही.

"उठ ना यार, पहिला तास आहे. अटेंडन्स कटेल."

"तू जाय. मी येते मांगून."

ती यायची नाही. दुपारी मी परत यायचे तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. झोपलेली नसायची. डोळे उघडे असायचे. आधी म्हणाली डोकं दुखते. मग म्हणाली थंडी वाजून राह्यली. मग कारण सांगणंच बंद केलं. पावाच्या दुकानात जाणं थांबलं, मग केस धुणं थांबलं, मग स्वयंपाकघरात येणं. मी भात केला, तिच्याच आईचा तांदूळ. तिने दोन घास खाल्ले आणि ताट खाली ठेवलं.

"काहून नाही खात?"

"खाल्लं ना."

"हे खाणं आहे?"

"तू खाय," ती म्हणाली. रागावून नाही. तिचा आवाज तेव्हा कसा होता ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्यात काही नव्हतं, एवढंच.

मी जे सुचलं ते केलं. तिला भांडून उठवून पाहिलं, लाडाने उठवून पाहिलं. बाहेर नेलं तर ती यायची, पण मी थांबेन तिथे थांबायची आणि चालेन तिथे चालायची. एका रविवारी आम्ही नदीवर गेलो. नदी पूर्ण गोठली होती आणि त्यावर माणसं लाकडी खोक्यांवर बसली होती, बर्फाला भोक पाडून, त्यात गळ सोडून. शेकडो माणसं, एकमेकांकडे पाठ करून. कोणी बोलत नव्हतं. मला ते बघून हसू आलं, वाटलं तीही काहीतरी बोलेल, तिच्या पद्धतीने. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "चाल वापस."

दारावरच्या बाईच्या लक्षात आलं होतं. तिने एकदा रासबेरीचा मुरंबा घातलेला चहा वर पाठवला. एकदा स्वतः जिने चढून आली, पलंगाच्या कडेला बसली, तिच्या कपाळावर हात ठेवून मला म्हणाली, ताप नाही. मी म्हणाले, नाही. बाई म्हणाली, माझा मुलगाही असाच पडून असतो, कारखाना बंद झाला तेव्हापासून. पण तो पितो. ही पीत नाही ना? मी म्हणाले, नाही. बाई उठून गेली. त्यानंतर ती आमच्या बुटांवरून ओरडली नाही.

कटंगीला फोन करायचा म्हणजे मुख्य टपाल कचेरीत जावं लागायचं. तिथे लाकडी कोठड्या होत्या. नंबर सांगून बसायचं, मग खिडकीतली बाई देशाचं नाव आणि कोठडीचा आकडा ओरडायची. तिच्या घरी फोन नव्हता. बसस्टँडवरच्या पीसीओत आधी निरोप द्यायचा, काकाजींना, म्हणजे तिच्या वडिलांना, बोलवा, आणि थोड्या वेळाने परत लावायचा.

"काकाजी, तिची तब्येत बरी नाही."

"ताप हाय का?"

"नाही."

"मंग पोटाचं काई?"

"नाही काकाजी. ती उठत नाही. जेवत नाही, बोलत नाही. कॉलेजात येत नाही."

लाइनवर खरखर होत राहिली. मागे बसचा हॉर्न ऐकू आला, तुमसर तुमसर असं कोणीतरी ओरडत होतं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "बेटा, कोनं काई केलं का तिले?"

"नाही काकाजी. कोणीच काही नाही केलं."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग झालं तरी काय?"

ते दवाखाना चालवणारे, हजारो नाड्या पाहिलेले. मी डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाची. आम्हा दोघांकडेही त्याला नाव नव्हतं.

"तिले सांगजो," ते म्हणाले, "बाबा म्हनते, जेवत जाय म्हना."

मी सांगितलं. ती हौ म्हणाली.

कॉलेजने शेवटी एका दवाखान्यात पाठवलं. गावाच्या टोकाला पिवळी दुमजली इमारत होती, खिडक्यांना जाळ्या. डॉक्टर पन्नाशीचे असावेत, पांढऱ्या कोटाच्या आत दोन स्वेटर घातलेले, कारण खोलीतला हीटर बंद होता. तिचं रशियन माझ्यापेक्षा चांगलं होतं, पण ती आता रशियन बोलतच नव्हती. हिंदीही नाही. बोललीच तर मराठीत, माझ्याशी. म्हणून दुभाषी मी.

डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून? मी सांगितलं. त्यांनी विचारलं, कशाचं वाईट वाटतं? मी तिला मराठीत विचारलं.

ती टेबलाकडे बघत होती. मग म्हणाली, "वाईट वाटलं असतं तं रडली असती ना मी. काईच नाई वाटत. माय मेली असं कोनी सांगतलं तरी काई वाटनार नाई. हे मले समजते. पन समजूनही काई होत नाई."

एवढं सलग ती कित्येक आठवड्यांत बोलली नव्हती. आणि हे मला रशियनमध्ये सांगायचं होतं. मला यकृत, मणका, झडप असे शब्द पाठ होते. वाटणं याला काय म्हणतात ते आठवेना. मी म्हणाले, ती म्हणते तिला काही दुखत नाही. डॉक्टर लिहू लागले. मी म्हणाले, थांबा, तसं नाही. मी पुन्हा जुळवलं. ती म्हणते, आत काही नाही. आई वारली तरी आत काही नाही. बोलता बोलता मीच रडू लागले. ती माझ्याकडे बघत होती, दुसऱ्याच्या घरचं रडणं बघावं तशी.

डॉक्टरांनी हात वर केला. समजलं, म्हणाले. त्यांनी गोळ्या दिल्या आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझं अर्धं गाव असंच आहे. मी सगळ्यांना कुठे ठेवू? तुमच्या देशात ऊन असतं ना? हिला घरी न्या. उन्हात बसवा."

हिवाळ्याच्या सुट्टीत कॉलेजने तिला वर्षाची रजा दिली आणि मी तिला घेऊन निघाले. त्या प्रवासात तिने काहीच त्रास दिला नाही. विमानात पट्टा लावून दिला की बसायची. दिल्ली स्टेशनवर सामानापाशी बस म्हटलं तर बसायची. गोंदियाला काकाजी आले होते. इस्त्रीचा नवा सदरा घातला होता आणि दाढी त्याच दिवशी केलेली होती. तिला पाहून त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बरी तं दिसते. मले वाटलं होतं काय पाहाले भेटन न काय नाई." बालाघाटकडे जाणाऱ्या छोट्या, अरुंद रुळांच्या गाडीत ती खिडकीशी बसली. काकाजी तिला सांगत होते, कोणाचं लग्न झालं, कोणाची म्हैस व्याली, धान कसं झालं. ती प्रत्येक वेळी हौ म्हणत होती. बालाघाट येईपर्यंत त्यांचं बोलणं कमी कमी होत थांबलं.

कटंगीला त्यांच्या घरी मी दोन दिवस राहिले. दवाखान्याच्या आतल्या बाजूला, दारामागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. एका कोपऱ्यात कागद फाटला होता, तिथून तिच्या नावाची पहिली दोन अक्षरं दिसत होती. रंगवणारा गाव सोडून चालला होता, म्हणून आधीच करून घेतली, असं तिची आई, काकू, मला म्हणाल्या. आणि मग पदर तोंडाला लावला.

डॉक्टरांनी सांगितलेलं उन्हाचं मी त्यांना सांगितलं होतं. काकूंनी अंगणात खाट टाकली. फेब्रुवारीचं ऊन, आमच्याकडचं सगळ्यात चांगलं ऊन. ती त्यात बसायची. ऊन वर चढून डोक्यावर आलं, चटके बसू लागले तरी ती तशीच बसलेली. सावलीत चल म्हटलं की उठायची. कोणी म्हटलं नाही तर उठायची नाही.

मी परत गेले. तिच्या पलंगावर दुसरी मुलगी आली, दूरच्या राज्यातली, स्वभावाने चांगली. आम्ही हिंदीत बोलायचो. मराठी माझ्या तोंडातून गेलंच. पुढची वर्षं मी अभ्यास केला, परीक्षा दिल्या, प्रेतं कापली, बाळंतपणं पाहिली. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं खरंच फार नाही. ट्रामच्या थांब्यावरच्या बायका हळूहळू कमी झाल्या, दुकानं वाढली. दारावरच्या बाईचा मुलगा वारला. ती आठवडाभर आली नाही, मग आली आणि विणकाम घेऊन बसली.

मध्ये दोनदा मी सुट्टीत आले आणि दोन्ही वेळा कटंगीला गेले. पहिल्या वेळी समजलं की गोळ्या बंद केल्या आहेत. सवय लागते, असं कोणीतरी सांगितलं होतं. लामता गावाकडच्या एका बाबाचा ताईत दंडावर होता. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरकडेही एकदा नेलं होतं. त्याने पुन्हा गोळ्या दिल्या, त्या महिनाभर घेतल्या. थोडा फरक पडला होता, काकू म्हणाल्या. भांडी घासायला लागली होती. मग संपल्या आणि काकाजींना दर महिन्याला नागपूरला जाणं जमेना.

गावात बोलणं सुरू झालंच होतं. मी आले की शेजारच्या बायका मला गाठायच्या. एकीने सरळ विचारलं, "खरं सांग बेटा, तठी काय झालतं? काई लफडं झालतं का?" मी म्हणाले, काही झालं नव्हतं. ती म्हणाली, "काईच नाई झालं तं पोरगी अशी कसी झाली?" तिचं बरोबर होतं. काही झालं असतं तर लोकांना ते पटलं असतं, दोन वर्षांत विसरलेही असते. काही न होता असं होतं, हे कोणाच्याच गळी उतरत नव्हतं. कित्येकदा माझ्याही.

दुसऱ्या वेळी मी आले तेव्हा तिचं लग्न होऊन ती परतही आलेली होती. बायको वारलेला माणूस होता, शेती होती, दोन मुलं होती. त्याला सगळं सांगून लग्न केलं होतं असं काकाजी म्हणत. तो माणूस वाईट नव्हता. काही महिने वाट पाहून त्याने तिला स्वतः आणून सोडलं आणि काकाजींसमोर हात जोडून म्हणाला, "मले लेकरायले सांभाळनारी पाहिजे होती. मी हिले सांभाळू का लेकरायले?" त्या दिवसापासून काकाजींनी दवाखाना अर्धाच दिवस उघडायला सुरुवात केली.

मी डिग्री घेऊन परत आले तोवर नियम बदलला होता. परदेशातून शिकून आलेल्यांनी इथली एक परीक्षा पास केल्याशिवाय डॉक्टर म्हणून काम करायचं नाही. मी परीक्षा दिली. नापास झाले. नागपूरला राहून क्लास लावला, परत दिली. थोडक्यात गेली. पुढच्या वेळी तेवढीही जवळ गेले नाही. जे मी रशियनमध्ये शिकले होते ते इंग्रजीत माझ्या डोक्यात येईना. बाबा निवृत्त झाले. ते मला कधी काही बोलले नाहीत. निकालाच्या दिवशी मात्र ते सकाळी फिरायला जायचे आणि जेवायची वेळ टळून गेली तरी यायचे नाहीत.

मग मी बालाघाटातच एका खाजगी दवाखान्यात लागले. बीपी घेते, सलाइन लावते, पेशंटच्या नातेवाइकांना समजावते. सगळे मला मॅडम म्हणतात, काही जण डॉक्टर म्हणतात. दारावरच्या पाटीवर माझं नाव नाही. दवाखान्याच्या तपासणीला कोणी सरकारी साहेब येणार असेल तर मला मागच्या खोलीत बसायला सांगतात. तिथे औषधांची खोकी असतात. मी खोक्यावर बसून असते. साहेब गेले की नर्स येऊन दार वाजवते.

काकाजी गेल्याचं मला उशिरा कळलं. मी गेले तेव्हा तेरवी होऊन बरेच दिवस झाले होते. दवाखान्याच्या जागेत तिच्या भावाने मोबाइलचं दुकान टाकलं होतं. काकूंचे गुडघे गेले होते, त्या बाजेवर बसून होत्या. वहिनीने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "अंदर हायेत ताई."

मागच्या खोलीत ती जमिनीवर बसून वाल सोलत होती. जाड झाली होती. केस कापून लहान केले होते, काकूंना विंचरून देणं जमत नाही म्हणून. तिने मान वर करून मला पाहिलं.

"कधी आली?"

"आत्ताच. बसने."

"बस ना."

मी खाली बसले आणि तिच्याबरोबर वाल सोलू लागले. काकाजींबद्दल मी काही बोलले. ती हौ म्हणाली. बाहेर भावाच्या दुकानात कोणीतरी फोनच्या वाजण्याचे वेगवेगळे आवाज लावून बघत होतं. एक आवाज लागायचा, बंद व्हायचा, मग दुसरा. तिच्या नखांत हिरवं गेलं होतं. ती हळू सोलायची, पण एकही दाणा खाली पडत नव्हता.

मग तिने विचारलं, "तुयी परीक्षा होती ना?"

तिला हे कोणी सांगितलं असेल ते मला माहीत नाही. त्या घरात माझ्या परीक्षेचं कोणाला काय पडलेलं असणार.

"नाही झाली पास," मी म्हणाले.

"आताही नाई?"

"नाही."

तिने हातातली शेंग सोलून संपवली. दाणे टोपल्यात टाकले. "मंग परत देशीन?"

"बघू. देईन बहुतेक."

"हौ," ती म्हणाली.

त्या उत्तरात मला कुठला सल्ला किंवा धीर शोधायचा नव्हता, आणि तो त्यात नव्हताही. पण नापास झाल्यापासून ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं होतं त्या सगळ्यांनी काही ना काही म्हटलं होतं. हिंमत हारू नको, नशीब असतं, आता लग्न कर. तिने काही म्हटलं नाही. मला तिच्या शेजारी बसून राहायला बरं वाटत होतं आणि हे बरं वाटणं किती वाईट आहे तेही समजत होतं.

वहिनी चहा घेऊन आली. म्हणाली, शेवटची बस आता निघेल, त्यानंतर जीपच मिळतील आणि जीपवाले भरल्याशिवाय सोडत नाहीत. मी उठले. काकूंच्या पाया पडले. त्या मला म्हणाल्या, "येत जाय बेटा. तू आली का थे दोन शब्द बोलते." मी हो म्हटलं. त्यानंतर मी दोनदाच गेले आहे. परीक्षा मी पुन्हा दिली नाही.

निघताना मागच्या खोलीच्या दारात थांबून मी तिला जाते म्हणून सांगितलं.

"जाय मंग," ती म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत.

बसस्टँडवर तुमसरहून आलेली बालाघाटची बस उभी होती, गच्च भरलेली. बाजाराचा दिवस होता. कंडक्टरने मला दारातच थोडं आत ढकललं आणि बस सुटली. एका म्हातारीची कोंबडीची टोपली माझ्या पायांत होती. ती मला सारखी म्हणत होती, सरक ना बाई थोडी, सरक, आणि मला सरकायला कुठेच जागा नव्हती.